आपल्या खेळाला जुळणारं टेबल टेनिस रबर कसं निवडावं

सोलापुरात बसून चांगलं रबर मागवायचं तर बहुधा ऑनलाइन, नाहीतर पुण्याला जाणाऱ्या कुणाला तरी सांगून. म्हणजे दुकानात चार रबरं हाताळून, दोन-दोन चेंडू मारून निवडायची सोय नाही. मग निवड होते ती क्लबमधल्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या बॅटकडे बघून. त्याचं रबर त्याच्या हाताच्या वेगासाठी असतं. तुमचा हात त्याच्यापेक्षा हळू चालत असेल तर तेच रबर तुमच्याकडे आल्यावर चेंडू जाळीत घालतं किंवा टेबलाबाहेर फेकतं. म्हणून रबराचं नाव शोधण्याआधी आपले गुण कुठे येतात आणि कुठे जातात, ते कागदावर यायला हवं.

आधी मोजणी

तीन वेगवेगळ्या पद्धतीने खेळणाऱ्यांशी एकेक पूर्ण सामना खेळा: एक टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) मारणारा, एक ब्लॉक करून, म्हणजे आलेला चेंडू नुसता अडवून थकवणारा, एक पुश-चॉपवाला, म्हणजे चेंडू खालून घासून उलटी फिरकी देणारा. बाजूला बसलेल्या मित्राला प्रत्येक गमावलेल्या गुणापुढे दोनच गोष्टी लिहायला सांगा: कोणता फटका होता, आणि चेंडू जाळीत गेला की लांब गेला. तीन सामन्यांनंतर तो कागद वाचायचा तो असा.

बॅकस्पिनवरचा (उलट्या फिरकीच्या चेंडूवरचा) लूप, म्हणजे भरपूर फिरकीचा टॉपस्पिन, सतत जाळीत जात असेल तर रबराची पकड संपली आहे, किंवा स्पंज तुमच्या हाताच्या मानाने कडक आहे. छोटी सर्व्हिस परत करताना चेंडू उंच उठत असेल, पुश लांब जात असेल, तर रबराला स्वतःची उसळी जास्त आहे. समोरच्याच्या टॉपस्पिनवर ब्लॉक बाहेर जात असेल तर बॅकहँडचा स्पंज जाड किंवा वरचा थर फार पकडखाऊ आहे. आणि एकच फटका कधी जाळीत, कधी दोन फूट लांब असा दोन्हीकडे सारखाच चुकत असेल, तर तो दोष रबराचा नाही. पाय वेळेवर पोचत नाहीत. तिथे नवीन रबराचे पैसे वाचवा आणि मल्टिबॉलचा (एकामागून एक चेंडू टाकून घेतलेला) सराव वाढवा.

रबर म्हणजे दोन थर

साध्या, गुळगुळीत दिसणाऱ्या रबरात वरचा थर आणि खालचा स्पंज असे दोन भाग असतात. वरच्या थराचे दाणे स्पंजाकडे वळवलेले असले की ते इनव्हर्टेड, बाहेर असले की शॉर्ट किंवा लाँग पिंपल. स्पंज, वरचा थर आणि गोंद मिळून जाडी ४ मिमीपेक्षा जास्त चालत नाही. स्पंजाशिवाय नुसतं दाणेदार रबर लावलं तर ही मर्यादा २ मिमी. वरचा थर पकड ठरवतो. स्पंज वेग ठरवतो आणि चेंडू बॅटवर किती वेळ बसतो तेही.

इनव्हर्टेडमध्येही दोन जाती आहेत. चिकट चिनी रबर, म्हणजे डीएचएस कंपनीचं हरिकेन ३ किंवा फ्रेंडशिप ७२९: चेंडूवर हलकं दाबून बॅट उलटी केली तर चेंडू क्षणभर लटकून राहतो. हळू फटक्याला ते मवाळ असतं, त्यामुळे छोटी सर्व्हिस आणि जाळीजवळचा खेळ सुंदर जमतो, पण वेग हवा तर पूर्ण हात, कंबर आणि पाय लावावे लागतात. दुसरी जात जपानी-जर्मन टेन्शन रबरांची: टेनर्जी, एमएक्स-पी, व्हेगा, राक्झा. ही चिकट नसतात, पकड घेतात, आणि अर्ध्या फटक्यालाही चेंडू बाहेर फेकतात. टेबलापासून मागे सरून खेळणाऱ्याला ही उसळी हवीहवीशी वाटते, पण सर्व्हिस रिसीव्ह करताना तीच नडते.

जाडी

इथे बहुतेक जण गरजेपेक्षा एक पायरी पुढे जातात. १.५ मिमी स्पंज चॉप, ब्लॉक आणि शिकणाऱ्यांसाठी. १.८ मिमी सर्वांगीण खेळासाठी. २.० मिमी नियमित टॉपस्पिन मारणाऱ्यांसाठी. २.१ आणि त्यावर मॅक्स (सर्वांत जाड), ज्यांचा हात खरोखर वेगाने चालतो आणि जे आठवड्यातून निदान चार दिवस खेळतात त्यांच्यासाठी. स्पंज जाड झाला की वेग वाढतो, पण त्याबरोबर बॅटही जड होते आणि पुश-ब्लॉकमधला अंदाज चुकतो. एका बाजूला १.८ आणि दुसऱ्या बाजूला २.० असं ठेवायला काहीच हरकत नाही. बॅकहँडला पातळ आणि फोरहँडला जाड ही जोडी आपल्याकडच्या बहुसंख्य खेळाडूंना बसते.

कडकपणाचे आकडे फसवतात

पाकिटावर ३९, ४०, ४७.५ असे अंश छापलेले असतात, आणि लोक ते एकमेकांशी ताडून बघतात. ते ताडताच येत नाहीत, कारण प्रत्येक उत्पादकाची मोजायची पट्टी वेगळी. डीएचएसचा ३९ अंशांचा स्पंज व्हेगा प्रोच्या ४७.५ पेक्षा प्रत्यक्षात कडक असतो. बटरफ्लायची पट्टी आणखी तिसरीच: टेनर्जी ०५ चा स्पंज ३६, टेनर्जी ०५ एफएक्स ३२, डिग्निक्स ०५ ४०, डिग्निक्स ०९सी ४४. डीएचएसच्या ज्या रबरावर ३९ लिहिलंय ते ४७.५ वाल्यापेक्षा मऊ, असं धरून मागवलेलं रबर हातात आल्यावर दगडासारखं लागतं. म्हणून तुलना एकाच कंपनीच्या दोन रबरांतच करा. व्हेगा युरोप ४२.५ आणि व्हेगा प्रो ४७.५ यांतला फरक खरा आहे. तो हाताला लगेच कळतो.

मऊ स्पंज हळू फटक्यालाही दबतो, म्हणून नवशिक्याला लवकर फिरकी जमते. पण जोरात मारलं की तो तळाला टेकतो, चेंडू जवळजवळ लाकडावर आपटतो आणि कुठेही जातो. कडक स्पंजाला दाबायलाच वेग लागतो. तो वेग मिळाला तर चेंडू नीट धरला जातो आणि फटका स्थिर राहतो. नाही मिळाला तर लूपची कमान खाली येते आणि चेंडू जाळीच्या पट्टीत अडकतो. वयाची पन्नाशी ओलांडलेले अनेक जण तरुणपणच्या कडक रबराला चिकटून राहतात आणि बॅकस्पिनवर हल्ला करणंच सोडून देतात. दोन-तीन अंशांनी मऊ रबर घेतलं तर तो फटका पुष्कळदा परत येतो.

अनेक जर्मन, कोरियन आणि स्वीडिश नावांची बरीच रबरं जर्मनीतल्या ईएसएन या एकाच कारखान्यातून निघतात. त्यामुळे टिबार, डोनिक, जूला, अँड्रो यांत नावापेक्षा जाडी आणि कडकपणा जास्त बोलतात. यातलं एखादं मिळालं नाही म्हणून महिनाभर थांबू नका.

शैलीप्रमाणे जोड्या

शिकणारी मुलं, पहिलं ते दीड वर्ष: दोन्ही बाजूंना एकच रबर. यासाका मार्क व्ही, बटरफ्लाय स्रायव्हर किंवा त्या जातीचं दुसरं, १.५ ते १.८ मिमी. फ्रेंडशिप ७२९ हा स्वस्त पर्याय आहे. एका टेनर्जीच्या किमतीत तीन-चार शीट येतात. बाजू बदलली की चेंडूचं वागणं बदलू नये, इतकीच या वयात गरज असते. रेडिमेड, दुकानातल्या चित्राच्या पाकिटातली बॅट मात्र चार-सहा महिन्यांतच कमी पडते, कारण तिच्या रबराला फिरकीची पकडच नसते.

दोन्हीकडून टॉपस्पिन मारणारा: फोरहँडला मध्यम-कडक टेन्शन रबर २.० किंवा २.१, बॅकहँडला त्याच घराण्यातलं एक पायरी मऊ. फोरहँडला व्हेगा प्रो आणि बॅकहँडला व्हेगा युरोप, किंवा एमएक्स-पी आणि एफएक्स-पी ही जोडी डोळे झाकून सुरू करण्यासारखी आहे. बॅकहँडचा फटका आखूड असतो, त्याला दबायला मऊ स्पंज लागतो. हे लक्षात घेतलं तर अर्धी निवड आपोआप होते.

फोरहँडने मारणारा, बॅकहँडने अडवणारा: आपल्या हॉलमध्ये ही पद्धत फार दिसते. फोरहँडला चिकट चिनी रबर किंवा टेन्शन, पण बॅकहँडला मुद्दाम कमी उसळीचं, मार्क व्ही १.८ सारखं. दोन्हीकडे टेनर्जी लावून ब्लॉक बाहेर घालणारे याच गटातले.

टेबलाला चिकटून सपाट मारणारा: शॉर्ट पिंपल, १.८ ते २.० मिमी. समोरच्याच्या फिरकीचा परिणाम कमी होतो आणि चेंडू खाली, झपकन जातो. ७२९ चं ८०२-४० हे वर्षानुवर्षं चालत आलेलं स्वस्त रबर आहे. पण शॉर्ट पिंपलने खेळायचं म्हणजे चेंडू वर चढत असतानाच मारायचा. उशिरा मारणाऱ्याचा चेंडू जाळीत जातो. प्लास्टिकचा ४०+ चेंडू २०१४ पासून आला, तेव्हापासून दाणेदार रबरांच्या 'विचित्र' चेंडूंचा त्रास थोडा कमी झाला आहे. म्हणजे आता त्यांच्यामागे खरा फटका हवाच.

मागे सरून चॉप करणारा: फोरहँडला पकडीचं इनव्हर्टेड १.५ ते १.८, बॅकहँडला लाँग पिंपल १.० ते १.५ मिमी स्पंजासह. टेबलाजवळून फक्त अडवायचं असेल तर बिनस्पंजी, ज्याला ओएक्स म्हणतात ते. लाँग पिंपलचे दाणे वाकतात आणि आलेली फिरकी तशीच ठेवून चेंडू परत पाठवतात, त्यामुळे समोरच्याला ती उलटी होऊन मिळते. समोरच्याने टॉपस्पिन मारला आणि तुम्ही अडवला तर त्याला बॅकस्पिन मिळतो. त्याने पुश केला आणि तुम्ही पुश केला तर चेंडू जवळजवळ बिनफिरकीचा किंवा हलक्या टॉपस्पिनचा जातो. समोरच्याची फिरकी जितकी जास्त, तितकं हे उलटणं तीव्र. मनिका बत्राने बॅकहँडच्या लाँग पिंपलवर २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचं सुवर्ण मिळवलं, तेव्हापासून पालक लहान मुलींना हे रबर लावायला मागतात. आमचं मत ठाम आहे: बॅकहँड टॉपस्पिन आणि ड्राइव्ह नीट बसण्याआधी लाँग पिंपल देऊ नये. तो फटका पुढे शिकवणं फार अवघड जातं. मनिका बॅट फिरवून दोन्ही बाजूंनी दोन्ही रबरं वापरते, ही गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही.

अँटीस्पिन रबर बाहेरून इनव्हर्टेडसारखंच दिसतं, पण वरचा थर गुळगुळीत आणि स्पंज मेलेला असतो. अडवण्यात उत्तम, हल्ल्यात जवळजवळ निरुपयोगी. प्रौढ गटातल्या, फटके कमी आणि डोकं जास्त चालवणाऱ्या खेळाडूला ते साथ देतं.

लाकूड आणि वजन

कार्बन असलेल्या वेगवान ब्लेडवर (बॅटच्या लाकडी फळीवर) पुन्हा वेगवान टेन्शन रबर लावणं ही सर्वांत महागडी चूक. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीत ८५ टक्के तरी नैसर्गिक लाकूड असावं लागतं. ब्लेड पाच थरांचं, साध्या लाकडाचं असेल तर रबर थोडं वेगवान चालतं. ब्लेड कार्बनचं असेल तर रबर एक पायरी मवाळ घ्या.

वजन करा. किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो. ब्लेड ८५ ग्रॅम, कापलेली दोन रबरं प्रत्येकी ४७ ग्रॅम, गोंद आणि कडेची टेप चार ग्रॅम: एकूण १८३. प्रौढाला १७५ ते १९० ग्रॅम ठीक. दहा-बारा वर्षांच्या मुलाला १६५ च्या वर जाऊ देऊ नका; मनगट आणि कोपर दुखू लागतं आणि बॅकहँड उशिरा येतो. हरिकेनसारखं कडक चिनी रबर कापल्यावरही ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन्हीकडे तेच लावलं तर बॅटचं तोंड जड होतं.

मागवताना

रबराच्या खालच्या पट्टीवर आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) चिन्ह आणि चौकटीतला सांकेतिक क्रमांक आहे ना, ते पाहा. हा क्रमांक आयटीटीएफच्या मान्य रबरांच्या यादीत शोधता येतो. यादीत नसलेलं रबर राज्य स्पर्धेत पंच बाद करतात, आणि बालेवाडीला पोचल्यावर हे कळून काही उपयोग नसतो. एक बाजू काळी आणि दुसरी ठळक वेगळ्या रंगाची हवी. ऑक्टोबर २०२१ पासून लालबरोबर गुलाबी, जांभळा, हिरवा आणि निळाही चालतो. घर्षणच नसलेली जुनी लाँग पिंपल २००८ पासून बाद आहेत, जुन्या स्टॉकमधून कुणी दिली तर घेऊ नका.

बनावट रबर ओळखायला छापलेल्या अक्षरांच्या कडा, दाण्यांची एकसारखी रांग आणि स्पंजाचा रंग बघा. किंमत बाजारभावाच्या निम्मी असेल तर विचार करण्याचीही गरज नाही. मे महिन्यात पार्सल येणार असेल तर ते स्वीकारायला घरी कुणीतरी असू द्या. चाळीसच्या वर पारा असताना गेटवर किंवा गाडीच्या डिकीत दिवसभर पडलेलं रबर वापरण्याआधीच सुकायला लागतं.

चिकटवणं

पाण्याचा गोंद वापरा. विद्रावकाचं स्पीड ग्लू आणि रबर फुगवणारे बूस्टर दोन्ही नियमबाह्य आहेत.

जुनं रबर हँडलजवळच्या कोपऱ्यातून धरा आणि ब्लेडला जवळजवळ समांतर ठेवत हळूहळू ओढा. झटका दिला तर लाकडाचे तुकडे निघतात. ब्लेडवरचा जुना गोंद बोटाने गोळा करत काढा. पाण्याने भिजवू नका. मग स्पंजावर साधारण ४ मिली गोंद ओता आणि सोबत येणाऱ्या स्पंजच्या तुकड्याने एकाच दिशेने, पातळ आणि सारखा पसरवा. ब्लेडवर ३ मिली पुरतो. गोंद पांढऱ्याचा पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या हवेत हे दहा मिनिटांत होतं, सप्टेंबरच्या पावसात अर्धा तासही लागतो. पंख्याखाली ठेवू नका, धूळ बसते आणि वरचा पापुद्रा आधी सुकून आत ओल राहते. ती ओल नंतर फुगा बनते.

स्पंज नवा आणि भोकांचा असेल तर तो पहिला थर पिऊन टाकतो, त्याला दुसरा पातळ थर द्या. रबर हँडलपासून सुरू करून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अलगद सोडत जा. ताणू नका. ताणून लावलेलं रबर काही दिवसांत आक्रसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. वरून लाटणं किंवा गोल बाटली दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा, मग जाड पुस्तकाखाली दोन तास. नंतर उलटं ठेवून धारदार कात्रीने कापा, कात्री पूर्ण न मिटता, एका लांब घासात. पात्याच्या कटरने कापताना लाकडाची कड चिरते, ते टाळा. शेवटी कडेला टेप.

पहिले दोन आठवडे

एका वेळी एकच बाजू बदला. दोन्ही एकदम बदलल्या की चूक कुठून आली ते कळत नाही. पहिल्या दिवशी सामना खेळू नका. क्रम असा ठेवा: वीस मिनिटं फोरहँड काउंटर (फटक्याला फटक्यानेच उत्तर), मग ब्लॉक, मग बॅकस्पिनवर लूप, मग छोटी सर्व्हिस आणि तिचं रिसीव्ह. चेंडू सतत लांब जाऊ लागला तर रबराला नावं ठेवण्याआधी बॅटचा कोन थोडा मिटवून पाहा. टेन्शन रबर दोन-तीन सत्रांनंतर सैल होतं, चिकट चिनी रबराला त्याहून जास्त वेळ लागतो. सहा-सात सत्रांनंतरही मोजणीतली तीच चूक तितकीच होत असेल तर जाडी किंवा कडकपणा एका पायरीने बदला. कंपनी बदलायची घाई नको.

आपल्या हवेतली निगा

पत्र्याच्या हॉलमध्ये एप्रिल-मेची कोरडी धूळ पंख्याबरोबर उडते आणि रबरावर बारीक थर बसवते. चिकट रबराला ती सर्वांत आधी मारते. प्रत्येक सत्रानंतर ओल्या स्पंजाने हँडलकडून टोकाकडे पुसा, पाच मिनिटं सावलीत वाळू द्या आणि वर साधी प्लास्टिक फिल्म लावा. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरा थर सोडतात. साबण, स्पिरिट, डेटॉल काही नको. सोलापुरी टॉवेल हात आणि मान पुसायला उत्तम, रबराला मात्र नको. त्याचे धागे सुटून चिकट पृष्ठभागावर बसतात.

पावसाळ्यात उलटा त्रास होतो. चेंडूवर आणि रबरावर ओलसरपणा येतो, टॉपस्पिन घसरून जाळीत जातो आणि रबर संपलं असं वाटतं. दर दोन-तीन गुणांनी चेंडू आणि रबर कोरड्या सुती कापडाने पुसा. रबर खरंच संपलं आहे का, ते असं ओळखा: कोरड्या, स्वच्छ रबराच्या कडेला, जिथे चेंडू लागत नाही तिथे, चेंडू दाबून ओढा. मग मध्यभागी तसंच करा. मध्यभागी चेंडू सरकन सुटत असेल आणि कडेला अडत असेल तर रबर झिजलं आहे.

टेन्शन रबराची उत्तम पकड ढोबळमानाने ८० ते १०० तास टिकते. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास खेळणाऱ्याला हे तीन-चार महिन्यांत गाठता येतं. मार्क व्हीसारखी साधी रबरं जास्त दिवस चालतात. बॅट गाडीत विसरू नका, खिडकीजवळ ठेवू नका.

स्पर्धेसाठी पुण्याला जायचं असेल तर नवीन रबर निदान पंधरा दिवस आधी लावा, आणि तेच रबर, तीच जाडी, तोच रंग लिहून ठेवा. पुढच्या वेळी मागवताना तो कागद आणि आधीच्या मोजणीचा कागद शेजारी शेजारी ठेवून बघता येतो.